कच्चे मडके की भाजलेले? लघुग्रहाच्या मातीची अवरक्त परीक्षा

कुंभाराच्या अंगणात दोन मडकी शेजारी शेजारी ठेवली आहेत अशी कल्पना करा. एक चाकावरून उतरून उन्हात वाळलेले, दुसरे आव्यातून भाजून निघालेले. माती दोहोंची एकच. पण कच्चे मडके पाण्यात ठेवा, घटकाभरात त्याचा चिखल होईल. भाजलेले मडके मात्र उन्हाळाभर आपणांस थंड पाणी पाजते. आव्यात असे काय घडले की ती माती पुन्हा माती होऊ शकत नाही? आव्यात तिच्यातून पाणी निघून गेले. उन्हात वाळताना जाते ते पाणी निराळे आणि विस्तवात जाते ते निराळे. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याला आजचा आमचा विषय निम्मा समजला असे खुशाल समजावे.

आता कुंभाराच्या अंगणातून एकदम फार दूर जावयाचे आहे. रयुगू नावाचा एक लघुग्रह आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या जवळपास फिरणारा, सुमारे 900 मीटर व्यासाचा आणि कोळशासारखा काळा. त्याच्या दगडांत चिकणमातीची खनिजे असावीत असा शास्त्रज्ञांचा तर्क होता. प्रश्न असा, की ती माती कच्ची आहे की कोणे एके काळी भाजून निघालेली आहे? कच्ची असेल तर सूर्यमालेच्या बालपणीचे पाणी तिच्यात अजून अडकून पडलेले असेल. भाजलेली असेल तर ते केव्हाच उडून गेले असणार. पृथ्वीवरचे समुद्र अशाच दगडांनी आणलेल्या पाण्याने काही अंशी भरले काय, हा वाद फार दिवसांचा आहे. त्या वादात असल्या दगडाची साक्ष महत्त्वाची. आणि ही साक्ष घ्यावयाची कशी, तर ज्याला हात लावता येत नाही, तापवून पाहता येत नाही आणि ज्याचा सगळाच रंग काळा आहे, अशा चिमूटभर मातीची. कुंभार रंगावरून सांगेल. येथे डोळ्यांचा उपयोग नाही.

प्रथम त्या दोन प्रकारच्या पाण्यांविषयी थोडे बोलू. वैशाखात आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीला हात हात भेगा पडतात, आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात. या मातीतील खनिज पापुद्र्यापापुद्र्यांचे असते आणि पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आक्रसते. हे पाणी पाहुण्यासारखे. पण खुद्द पापुद्र्याच्या घडणीतही ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी ठिकठिकाणी चिणलेली असते. तिला रसायनशास्त्रात हायड्रॉक्सिल म्हणतात. ही जोडी घरच्या भिंतीतल्या विटेसारखी आहे. ती काढावयाची तर कित्येकशे अंशांची उष्णता लागते, आणि ती गेली की भिंतच बदलते. मडके भाजते ते या जोड्या गेल्यामुळे. रयुगूवरील मातीत मुख्यतः सर्पेंटाइन आणि सॅपोनाइट ही दोन खनिजे आहेत, असे आज आपणांस ठाऊक आहे. यांतील सॅपोनाइट हे आपल्या काळ्या मातीला फुगविणाऱ्या खनिजाच्याच कुळातले. नाते दूरचे खरे, पण कूळ एक.

पाहुणे पाणी आणि घरचे हायड्रॉक्सिल यांना न शिवता ओळखावयाचे साधन म्हणजे अवरक्त प्रकाश. त्याचा शोध 1800 साली विल्यम हर्शेल याने इंग्लंडात लावला. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्याने निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. त्या न दिसणाऱ्या किरणांना आपण अवरक्त म्हणतो. योगायोग असा, की 1801 च्या पहिल्याच दिवशी सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला, आणि या नव्या जातीच्या गोलांना आज इंग्रजीत रूढ असलेले नाव 1802 साली वापरले तेही याच हर्शेलने. एकाच मनुष्याच्या हातून निघालेल्या या दोन धाग्यांची गाठ पडावयास पुढे दोन शतके लागली.

अवरक्त किरणांनी खनिज ओळखता येते ते कसे? झोपाळ्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलले तर तो ढकलणाराची शक्ती घेतो आणि चढत जातो. भलत्याच लयीत ढकलले तर दाद देत नाही. हायड्रॉक्सिलची जोडी अशीच सतत झुलत असते. तिची लय केवढी, तर एका सेकंदात कोटीला कोटीने गुणून जी संख्या येईल तिच्याहून थोडी अधिक. एवढ्याच लयीचा प्रकाश तिच्यावर पडला की ती तो गिळून टाकते. या प्रकाशाच्या लाटेची लांबी भरते सुमारे 2.7 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश 0.7 मायक्रॉनच्या आसपास संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती पलीकडे आलो ते कळेल. दगडावरून परतलेल्या प्रकाशात नेमका 2.7 मायक्रॉनचा भाग कमी भरला, तर समजावे की येथे हायड्रॉक्सिल आहे. पाहुण्या पाण्याची खूण निराळी. ती 3 मायक्रॉनच्या बाजूला, रुंद आणि पसरट उमटते. शिवाय 1.9 मायक्रॉनपाशी तिची एक धाकटी खूण असते. चुन्याच्या जातीची कार्बोनेटे आणि कार्बन-हायड्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्ये यांच्या खुणा 3.4 मायक्रॉनच्या आसपास सापडतात. थोडक्यात, 1 पासून 3.6 मायक्रॉनपर्यंतचा पट्टा तपासला की पाण्याशी संबंध आलेल्या दगडाचा बराचसा इतिहास वाचता येतो.

कोणी म्हणेल, मग अशनी आहेत की! आकाशातून पडलेले दगड संग्रहालयांत शेकड्यांनी ठेवलेले असताना एवढा खटाटोप कशाला? ही शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच या सगळ्या उद्योगाचे मर्म आहे. रयुगूच्या जातीचे अशनी पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांतला सर्वांत नावाजलेला 14 मे 1864 रोजी फ्रान्सात ओर्गेय गावाजवळ पडला. त्याच्यात पांढऱ्या क्षारांच्या बारीक शिरा दिसतात, आणि लघुग्रहाच्या पोटात वाहिलेल्या पाण्याचा तो पुरावा असे पुष्कळ काळ मानले जात असे. पुढे 2001 साली गुनेल व झोलेन्स्की या दोघा संशोधकांनी असे दाखवून दिले, की या शिरा पृथ्वीवरच, संग्रहालयातल्या दमट हवेमुळे तयार झालेल्या असाव्यात. म्हणजे ज्याला आपण परलोकीचा साक्षीदार समजत होतो, त्याला आपल्याच हवेने पढवून ठेवले होते! चिकणमातीचा स्वभावच असा, की हवेतला ओलावा ती आपल्या पापुद्र्यांत ओढून घेते. पावसाळ्यात डब्यातले पापड सादळतात ना, तसेच हे. अशनी कितीही जपला तरी जमिनीवर पडल्या क्षणापासून तो सादळू लागतो.

तेव्हा दोनच मार्ग उरले. सूक्ष्मदर्शक घेऊन लघुग्रहाकडे जावे, किंवा लघुग्रहाची माती हवा न लागू देता सूक्ष्मदर्शकाकडे आणावी. जपानच्या हायाबुसा-2 या यानाने दोन्ही करून पाहिले. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. हा ससाणा 3 डिसेंबर 2014 रोजी तानेगाशिमा बेटावरून उडाला आणि 27 जून 2018 रोजी रयुगूपाशी पोहोचला.

आता ज्या यंत्राची गोष्ट सांगावयाची त्याकडे वळू. त्याचे नाव मायक्रोमेगा. पॅरिसजवळच्या ओर्से येथील खगोल-अवकाश संस्थेत झां-पिएर बिब्रिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडविले. याच गटाचे ओमेगा नावाचे मोठे भावंड 2003 साली मार्स एक्सप्रेस यानातून मंगळाकडे गेले होते आणि कक्षेत फिरता फिरता त्याने तेथील पाणीदार खनिजांचे नकाशे काढले. ओमेगा डोंगर पाहत असे, मायक्रोमेगा कण पाहतो. नावातील फरक तेवढाच.

त्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. साध्या सूक्ष्मदर्शकात आपण वस्तूवर पांढरा प्रकाश पाडतो आणि परतलेला प्रकाश पाहतो. येथे वस्तूवर एका वेळी एकाच लांबीच्या लाटेचा प्रकाश पाडतात. तो निवडावयाचा कसा? टेल्युरियमच्या ऑक्साइडचा एक पारदर्शक स्फटिक घेतात आणि त्याच्या अंगाला रेडिओच्या कंपनसंख्येने थरथरविणारा एक तुकडा चिकटवितात. स्फटिकातून ध्वनीच्या अतिसूक्ष्म लाटा धावू लागतात, आणि त्या लाटांच्या अंतराशी जुळणारा तेवढाच प्रकाश बाजूला वळून बाहेर पडतो. कंपनसंख्या बदलली की बाहेर येणारा प्रकाश बदलला. रेडिओवर केंद्र लावावे तसे येथे प्रकाशाचे केंद्र लावता येते, आणि तेही एकही चाक वा पट्टी न हलविता. अवकाशात जाणाऱ्या यंत्राला हे मोठे वरदान आहे, कारण तेथे अडकलेले चाक सोडवावयास कोणी जाणार नाही. प्रत्येक लांबीच्या प्रकाशात एक चित्र, अशी एकाच जागेची शेकडो चित्रे घेतात. मग कोणताही एक ठिपका निवडून या चित्रांच्या चळतीतून सरळ खाली सुई टोचावी तसे पाहत गेले, की त्या ठिपक्याचा पूर्ण वर्णपट हाती येतो. एक ठिपका 20 ते 25 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान. चित्र आणि रासायनिक कुंडली एकाच वेळी मिळते, आणि कणाला स्पर्शही होत नाही.

हे यंत्र प्रथम रयुगूवर उतरले ते मॅस्कॉट नावाच्या पेटीत बसून. जर्मनी व फ्रान्स यांनी मिळून केलेली ही पेटी बुटांच्या खोक्याएवढी आणि सुमारे 10 किलो वजनाची होती. 3 ऑक्टोबर 2018 रोजी यानाने ती सुमारे 50 मीटरांवरून खाली सोडली. रयुगूचे आकर्षण इतके क्षीण, की ती तळाला टेकावयास काही मिनिटे लागली, आणि मग चेंडूसारखी उसळत उसळत ती थांबली, ती नेमकी उलटी! सूक्ष्मदर्शकाची खिडकी तळाशी असावयाची, ती आभाळाकडे. पेटीच्या पोटात एक फिरता भार ठेवलेला होता. त्याचा हिसका देऊन तिला उडी मारावयास लावण्यात आले आणि ती सुलटी झाली. हे सारे 30 कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर, पुन्हा न भरता येणाऱ्या विजेरीवर. 17 तासांनी विजेरी संपली. तिच्या कॅमेऱ्याने व उष्णतामापकाने फार मोलाची माहिती दिली. पण उतरलेल्या सूक्ष्मदर्शकाची एक मर्यादा या प्रसंगाने उघड होते. पेटी जेथे लवंडेल तेथे खिडकीखाली जो काही 3 मिलिमीटरांचा चौकोन येईल, तेवढेच त्याचे जग. हातात घेऊन हा कण नको, तो पाहू, असे म्हणण्याची सोय नाही. रयुगूच्या खनिजांविषयीचे भरीव ज्ञान झाले ते दुसऱ्या मार्गाने, दुसऱ्या मायक्रोमेगाकडून.

दुसरा मार्ग माती आणण्याचा. 22 फेब्रुवारी 2019 रोजी यानाने रयुगूला पहिला स्पर्श करून माती उचलली. एप्रिलमध्ये त्याने तांब्याचा एक गोळा आदळवून पृष्ठभागावर विवर पाडले, आणि 11 जुलै रोजी त्या विवराजवळ उतरून आतली उकरून निघालेली मातीही मिळविण्याचा प्रयत्न केला. 6 डिसेंबर 2020 रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथील माळावर तिची कुपी उतरली. 0.1 ग्रॅम माती मिळाली तरी भरून पावलो असे जपानी शास्त्रज्ञ म्हणत होते. मिळाली सुमारे 5.4 ग्रॅम. सोनाराच्या दुकानात ज्याला अर्धा तोळा म्हणतील जवळजवळ तेवढीच.

रयुगू हे नाव जपानी लोककथेतले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. रयुगू म्हणजे समुद्रतळीचा नागराजाचा महाल. उराशिमा नावाचा कोळी तेथे जातो, आणि परत येताना त्याला एक पेटी मिळते. ती उघडू नकोस अशी ताकीदही मिळते. घरी येऊन तो ती उघडतो आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो. नाव ठेवणारांच्या मनात पेटी परत आणण्याचीच गोष्ट असेल. पण उघडण्याची ताकीदही येथे शब्दशः लागू होती. टोकियोजवळच्या सागामिहारा येथे कुपी उघडली ती निर्वात कक्षात, आणि पुढचे काम शुद्ध नायट्रोजनने भरलेल्या बंद कक्षांत झाले. हवेचा ओलावा त्या मातीला लागू दिला नाही. कक्षाच्या भिंतीला नीलमाची एक खिडकी आहे. रत्नातला नीलम तोच हा, फक्त रंगहीन. साधी काच सुमारे 3 मायक्रॉनच्या पलीकडे प्रकाश अडवू लागते, आणि आपले काम नेमके तेथेच असते. नीलम तो जाऊ देतो. माती आत आणि मायक्रोमेगा बाहेर, मध्ये ही खिडकी. दगड न शिवता पाहण्याची एवढी सोवळी व्यवस्था आमच्या तरी ऐकिवात नव्हती.

काय दिसले? पहिली गोष्ट, माती अतिशय काळी. पडलेल्या प्रकाशापैकी शंभरात दोन भाग जेमतेम परत येतात. त्या दोन भागांतून पुढचे सगळे वाचावयाचे होते. 2.7 मायक्रॉनपाशी हायड्रॉक्सिलची खूण स्पष्ट उमटलेली होती, आणि ती जवळजवळ सर्वत्र होती. पाहुण्या पाण्याचे मान मात्र फार थोडे. म्हणजे उन्हात खडखडीत वाळलेले, परंतु आव्यात न गेलेले मडके. 3.4 मायक्रॉनपाशी सेंद्रिय द्रव्यांची खूण सापडली. काही ठिकाणी कार्बोनेटांचे वेगळे कण दिसले. त्यांत डोलोमाइट होते आणि लोहमिश्रित मॅग्नेसाइटही होते. कार्बोनेट तयार व्हावयास कार्बन डायॉक्साइड विरघळलेले पाणी लागते. तेव्हा रयुगू ज्या मोठ्या गोलाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात एके काळी खरेखुरे पाणी झिरपत होते, यात शंका राहिली नाही. आणखी काही थोड्या कणांत 3.06 मायक्रॉनपाशी नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या जोडीची खूण मिळाली. अमोनियाचा बर्फ सूर्यापासून फार दूर, कडाक्याच्या थंडीतच टिकतो. म्हणून तो मूळ गोल दूरवर जन्मला असावा असे अनुमान यावरून निघते. ते अनुमानच आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता मौज पाहा. यान रयुगूभोवती असताना त्याच्यावरील दुसऱ्या एका अवरक्त यंत्राने सुमारे 20 किलोमीटरांवरून सगळा पृष्ठभाग तपासला होता. त्यालाही हायड्रॉक्सिलची खूण मिळाली होती, पण अगदी फिकी. त्यावरून 2019 साली असे अनुमान काढण्यात आले, की रयुगूची माती पूर्वी केव्हा तरी तापून बरीचशी कोरडी झाली असावी. म्हणजे दुरून पाहणाराने मडके भाजलेले ठरविले, आणि जवळून पाहणाराने कच्चे. दोघांची यंत्रे उत्तम, दोघांचा प्रकाश एकच. मग चुकले कोण?

चुकले कोणीच नाही. 2022 साली नोगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे पृष्ठ तपासले, तेव्हा काही कणांवर केसापेक्षा कितीतरी पातळ अशी एक साल आढळली. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने आणि सूक्ष्म उल्कांच्या आघातांनी ती बनली होती. सालीतले हायड्रॉक्सिल गेलेले, आतले शाबूत. वरून भाकरी करपलेली दिसावी आणि आत पीठ कच्चेच निघावे, तसा हा प्रकार. अवरक्त प्रकाश असल्या काळ्या पदार्थात खोल शिरत नाही, म्हणून दुरून पाहणाऱ्या यंत्राला मुख्यतः उघड्यावर पडलेली सालच दिसली. कुपीतून आलेली माती हलली होती, फुटली होती, तिच्या आतल्या बाजू वर आल्या होत्या. दुसऱ्या संशोधकांनी रासायनिक पृथक्करणावरून स्वतंत्रपणे असे म्हटले आहे, की पाण्याचा संस्कार झाल्यानंतर हा दगड 100 अंशांच्या वर फारसा तापलेलाच नाही.

आमच्या मते या सर्व प्रकरणात सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. आकाशात रयुगूसारखे काळे लघुग्रह असंख्य आहेत, आणि त्यांतील बहुतेकांविषयीचे आपले ज्ञान दुर्बिणीतून मिळालेल्या अवरक्त वर्णपटांवर उभे आहे. ज्याला आपण कोरडा म्हणून नोंदविले, त्याच्या सालीखाली ओली कहाणी दडली असेल, तर पाण्याचा सगळाच हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तो किती बदलेल, हे एका लघुग्रहावरून ठरविणे उतावीळपणाचे होईल.

अवरक्त सूक्ष्मदर्शकाचे कौतुक करताना त्याचे आंधळेपणही सांगावयास हवे. रयुगूच्या मातीत मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकीय लोहखनिज पुष्कळ आहे, लोहाची गंधकयुक्त खनिजेही आहेत. या पट्ट्यात त्यांची ठळक खूणच नाही, म्हणून मायक्रोमेगाला ती जवळजवळ दिसत नाहीत. दुसरी अडचण बारीकपणाची. रयुगूच्या मातीचे कण इतके सूक्ष्म व एकमेकांत इतके मिसळलेले आहेत, की 20 मायक्रॉनच्या ठिपक्यातही अनेक खनिजे एकत्र नांदतात. शिवाय प्रकाशाच्या लाटेहून फार लहान वस्तू तो प्रकाश वापरणाऱ्या भिंगाला वेगळी दाखविता येत नाही, हा निसर्गनियमच आहे. त्यावर मात करण्यासाठी प्रयोगशाळांत एका अतितीक्ष्ण सुईचे टोक कणावर टेकवून, अवरक्त प्रकाशाने कण किंचित फुगला की ते फुगणे मोजण्याची युक्ती वापरतात. पण सुई म्हणजे स्पर्श आला. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी खिडकीतून पाहावयाचे, सगळ्या कणांची वही तयार करावयाची, आणि त्या वहीवरून कोणता कण कोणाला द्यावयाचा हे ठरवावयाचे.

अमेरिकेच्या यानाने बेन्नू या दुसऱ्या काळ्या लघुग्रहाची 121.6 ग्रॅम माती 24 सप्टेंबर 2023 रोजी यूटाच्या वाळवंटात उतरविली. तिच्यातही पाणीदार चिकणमाती आहे. 2025 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्यात सोडियमचे असे क्षार सापडल्याचे सांगितले आहे, की जे खारट पाणी हळूहळू आटत गेल्याशिवाय बनत नाहीत. मिठागरात मीठ धरते तीच क्रिया. हे क्षार दमट हवेत टिकत नाहीत; संग्रहालयातल्या अशनीत ते शोधत बसलो असतो तर कदाचित कधीच मिळाले नसते. जपान व अमेरिका यांनी आपापल्या मातीची अदलाबदल केली असून बेन्नूचा थोडा वाटा सागामिहारालाही पोहोचला आहे. बेन्नूच्या मातीपैकी निदान 70 टक्के भाग अमेरिकेने पुढच्या पिढ्यांसाठी बंद करून ठेवावयाचे ठरविले आहे, आणि रयुगूच्या मातीचाही मोठा वाटा असाच राखून ठेवलेला आहे. आज जी यंत्रे कोणाच्या कल्पनेतही नाहीत, त्यांच्यासाठी ती नायट्रोजनमध्ये कोरडीच राहील.